एक क्रियापद, एक वाक्य?

फ्रेंच शाळेत वाक्याचे प्रकार दोन, मराठी शाळेत तीन. फ्रेंच मुलाला सांगितले जाते की काळ-पुरुषाप्रमाणे चालवलेले क्रियापद एकच असेल तर ते 'फ्राझ सँप्ल', म्हणजे साधे वाक्य. एकाहून जास्त असतील तर 'फ्राझ कोंप्लेक्स'. या दुसऱ्या प्रकारात उपवाक्ये स्वल्पविरामाने नुसती शेजारी बसवली आहेत, 'आणि'-'पण'ने जोडली आहेत की एक दुसऱ्याच्या आधाराने उभे आहे, हे सगळे नंतरचे पोटभेद. आपल्याकडे हाच ऐवज केवल, संयुक्त आणि मिश्र अशा तीन खणांत ठेवलेला आहे. ही तिहेरी वाटणी इंग्रजी शालेय व्याकरणाच्या वळणाची आहे. मराठीचे शास्त्रशुद्ध व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली लिहिले आणि मोरो केशव दामल्यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ १९११ साली आला. या पाऊण शतकात मराठी व्याकरण एका हाताने संस्कृतला आणि दुसऱ्या हाताने इंग्रजीला धरून चालत होते, आणि वाक्यविचारात इंग्रजीची पकड जरा जास्तच घट्ट राहिली.

खण दोन की तीन, हा वाद फारसा महत्त्वाचा नाही. दोन्हीकडे मोजमाप एकच आहे, ते म्हणजे क्रियापदांची संख्या. जळगाव-धुळ्याकडची बोली कानावर असलेला विद्यार्थी फ्रेंच शिकायला बसतो तेव्हा याच मोजमापाशी त्याची पहिली अडचण होते. ती का होते, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

वाक्य कशाने एक होते हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. पाणिनीने वाक्याची व्याख्या दिलेली नाही. ती उणीव वार्तिककार कात्यायनाने भरून काढली आणि ज्यात तिङन्त, म्हणजे चालवलेले क्रियापद, एकच ते वाक्य असे ठरवले. आजच्या फ्रेंच पाठ्यपुस्तकातला नियम जवळजवळ हाच आहे. मीमांसकांना मात्र तो पटण्यासारखा नव्हता. वेदातले लांबलचक गद्य कुठे तोडायचे, हा त्यांच्यापुढचा व्यवहारी प्रश्न होता. त्यामुळे त्यांनी क्रियापदे न मोजता दोन गोष्टी पाहिल्या: सगळ्याचे प्रयोजन एक आहे का, आणि तुकडे वेगळे केले तर एखादा तुकडा दुसऱ्याची वाट पाहत अडून राहतो का. या अडून राहण्याला त्यांनी आकांक्षा म्हटले. पुढे भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडाच्या आरंभीच वाक्याबद्दलची आठ मते मांडली. म्हणजे वाद तेव्हाही मिटलेला नव्हता.

फ्रान्समध्ये हा वाद निराळ्या वाटेने आला. १६६० साली आर्नो आणि लांसलो यांनी पोर-रोयालचे व्याकरण लिहिले. वरून एकच दिसणाऱ्या वाक्याच्या पोटात अनेक विधाने दडलेली असतात, आणि साधे विशेषणसुद्धा मुळात एक आखडलेले उपवाक्य असते, असा त्यांचा विचार होता. 'कोरडवाहू शेतकऱ्याने उधारीचे बियाणे पेरले' या आपल्या वाक्यात क्रियापद एक आहे, पण विधाने तीन: शेतकरी कोरडवाहू आहे, बियाणे उधारीचे आहे, आणि त्याने ते पेरले. पुढे फ्रेंच शालेय व्याकरणाने हा तात्त्विक धागा सोडून दिला. १९१०च्या शासकीय परिभाषेने स्वतंत्र, प्रधान आणि गौण उपवाक्ये अशी सुटसुटीत नावे पक्की केली आणि वर्गात पृथक्करणाचे तक्ते आले. या मोजणीला सगळ्यांत मोठा धक्का ल्युसियँ तेनिएर याने दिला. त्याच्या मृत्यूनंतर, १९५९ साली, त्याचा वाक्यरचनेवरचा ग्रंथ निघाला. त्यात क्रियापद मध्यावर आहे आणि बाकीचे प्रत्येक पद कोणावर अवलंबून आहे याची झाडासारखी आकृती काढलेली आहे. मोजणीऐवजी अवलंबन पाहायचे, हा त्याचा आग्रह. मीमांसकांची आकांक्षा आणि तेनिएरचे अवलंबन एकच नव्हेत, पण दोघेही 'किती' हा प्रश्न सोडून 'कोण कोणाच्या आधाराने' हा प्रश्न विचारतात, आणि मला तोच खरा प्रश्न वाटतो.

शाळेत आणि स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत मात्र मोजणीच्याही पुढचा सोपा उपाय शोधलेला आहे: अव्ययांची यादी. आणि, व, अथवा, पण, परंतु दिसले की संयुक्त. कारण, की, जर-तर, यास्तव दिसले की मिश्र. तलाठी भरतीपासून राज्यसेवेपर्यंतच्या प्रश्नपत्रिकांत 'वाक्याचा प्रकार ओळखा' हा हमखास गुण देणारा प्रश्न, त्यामुळे धुळ्या-जळगावच्या अभ्यासिकांत ही यादी तोंडपाठ असते. फ्रेंच मुलांचीही अशीच एक यादी आहे. मे, ऊ, ए, दोंक, ऑर, नी, कार या सात शब्दांना ओवून ऑर्निकार नावाच्या कोणा माणसाचा पत्ता विचारणारा प्रश्न तयार करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तो घोकून घेतात. गंमत अशी की यातला 'दोंक' खऱ्या अर्थाने जोडणारा शब्दच नव्हे, ते क्रियाविशेषण आहे, असे अनेक फ्रेंच व्याकरणकारांचे म्हणणे आहे, कारण तो 'ए'च्या पाठोपाठ येऊ शकतो आणि वाक्यात हवा तसा सरकतो. यादी मात्र हलली नाही.

मराठीची यादी याहून जास्त फसवी. 'म्हणून' हेच घ्या. 'पाऊस लांबला म्हणून पेरणी लांबली' इथे ते परिणाम सांगते, तेव्हा वाक्य संयुक्त. 'विहिरीला पाणी लागावे म्हणून त्याने आणखी खोल खणले' इथे ते उद्देश सांगते, तेव्हा मिश्र. शब्द तोच, खण बदलला. तो बदल 'म्हणून'मुळे झालेला नाही, 'लांबला' आणि 'लागावे' या क्रियापदांच्या रूपांमुळे झाला आहे. 'की'चेही तसेच. 'चहा घेणार की कॉफी' यात ते पर्याय देते आणि 'मला ठाऊक होते की भाव पडणार' यात गौण वाक्य आणते.

'कारण'चा मामला सगळ्यांत बघण्यासारखा आहे. शालेय परंपरा त्याला गौणत्वसूचक मानते, म्हणून 'पेरणी लांबली, कारण पाऊस लांबला' हे मिश्र. पण तीच दोन वाक्ये उलटून मध्ये 'म्हणून' घातले की संयुक्त. अर्थ तसूभरही बदललेला नाही. फ्रेंचमध्ये कारण सांगणारे दोन शब्द आहेत. 'पार्स क' हे उपवाक्य गौण करते. ते पुढे-मागे सरकू शकते आणि 'का?' या प्रश्नाला एकटे उत्तर म्हणून उभे राहू शकते. 'कार' मात्र ऑर्निकारच्या यादीतला, जोडणारा. त्याचे उपवाक्य नेहमी मागाहूनच येते आणि 'का?'चे उत्तर त्याने सुरू करता येत नाही. आता मराठी 'कारण' या दोन कसोट्यांवर लावून पाहा. 'कारण पाऊस लांबला, पेरणी लांबली' असे कोणी बोलत नाही, म्हणजे जागेच्या बाबतीत ते 'कार'सारखे. पण 'का रे उशीर?' या प्रश्नाला 'कारण गाडीच नव्हती' हे उत्तर सहज येते, म्हणजे उत्तराच्या बाबतीत ते 'पार्स क'सारखे. त्याला एकाच खणात कोंबण्यात काय हशील? अरविंद मंगरूळकरांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' केला, कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद' लिहिले. मराठी व्याकरणाच्या चौकटी परक्या साच्यांतून आल्या आहेत ही जाणीव विद्वानांत चांगली रुजलेली आहे. परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांपर्यंत ती पोचलेली नाही, इतकेच.

आता खानदेशाकडे. जुन्या एका खानदेशातून जळगाव, धुळे आणि १९९८पासून नंदुरबार असे तीन जिल्हे झाले, पण बोलीची हद्द जिल्ह्यांच्या हद्दीप्रमाणे चालत नाही. अहिराणी नाशिक जिल्ह्यात बागलाण-मालेगावपर्यंत पसरलेली आहे, आणि जळगावच्या पूर्वेला यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोलीचा पट्टा लागतो. ग्रिअर्सनने भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७च्या भागात खानदेशीला भिल्ली बोलींच्या सोबत बसवले. ती मराठीची बोली की गुजरातीच्या अंगाची, हा वाद तेव्हापासून चालू आहे. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे अठरा लाखांहून अधिक आहेत.

अहिराणीत 'जाऊन, खाऊन, करून' यांच्या जागी 'जाईसन, खाईसन, करीसन' येते. 'तो बजारले जाईसन उना' म्हणजे तो बाजाराला जाऊन आला. हे 'ईसन' एकदा लागले की माळ लांबवता येते: 'उठीसन, ढोरेसले चारा टाकीसन, भाकर बांधीसन तो वावरमा गया.' उठणे, गुरांना चारा टाकणे, भाकर बांधणे आणि शेतात जाणे, अशी चार कामे, एका पाठोपाठ एक आणि एकाच माणसाने केलेली. क्रियापद मात्र एक, 'गया'. नियमाने हे केवल वाक्य. प्रमाण मराठीतही तसेच. पण प्रमाण लिहिणारा माणूस अशा ठिकाणी मधूनमधून 'आणि' घालतो, बोली बोलणारा ते टाळतो. निवेदनाचा सगळा भार तो या अपुऱ्या रूपांवर टाकतो आणि शेवटच्या क्रियापदापर्यंत ऐकणाऱ्याला धरून ठेवतो. मीमांसकाला हे वाक्य दिले असते तर त्याने प्रत्येक 'ईसन'पाशी आकांक्षा दाखवली असती. कात्यायनाने एक तिङन्त मोजून पुढचे वाक्य घेतले असते.

कात्यायनाच्या परंपरेतला तिङन्ताचा विचार मराठीत आणण्याचा मोठा खटाटोप इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी केला. 'ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण', 'सुबन्त विचार' आणि 'तिङन्त विचार' ही त्यांची कामे. राजवाड्यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. कागदपत्रांसाठी इतिहासाचे अभ्यासक तिथे येतात. व्याकरणकार राजवाड्यांसाठी कोणी येत असेल तर तो विरळाच. राजवाडे इतिहासाइतकेच व्याकरणातही आक्रमक होते आणि त्यांच्या अनेक व्युत्पत्ती आज टिकत नाहीत. पण मराठीची रूपे मराठीच्याच जुन्या ग्रंथांतून काढायची हा त्यांचा हट्ट बरोबर होता.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये झ्यूल ब्लॉक मराठीवर काम करत होते. संस्कृतातल्या क्रियापदाविना वाक्यावर त्यांनी तरुणपणीच निबंध लिहिला होता. मराठीच्या घडणीवरचा त्यांचा प्रबंध पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर पूर्ण झाला आणि युद्धानंतर पुस्तकरूपाने निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. ब्लॉकांचा भर ध्वनी आणि रूपे यांवर आहे, वाक्याच्या वाट्याला त्यामानाने थोडी पाने आली. तरी क्रियापदाविना वाक्यावर विचार केलेल्या माणसाने मराठीकडे पाहावे, हे महत्त्वाचे. 'हा माझा भाऊ' या वाक्यात क्रियापद शून्य. एक मोजून साधे आणि दोन मोजून जटिल ठरवणाऱ्या नियमाने याला कुठे ठेवायचे? फ्रेंच व्याकरणाने अशा वाक्यांसाठी नामप्रधान वाक्य असा वेगळा कप्पा करून ठेवला आहे. आम्ही 'आहे' अध्याहृत मानून पुढे जातो.

ब्लॉकांचा जन्म १८८० सालचा. त्याच साली जळगावजवळच्या आसोद्यात बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या-गाणी मुलगा सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. जळगावच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. त्यांची 'कशाला काय म्हणू नही' ही कविता वाक्यरचनेच्या अंगाने वाचावी. तिच्या ओळी एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत: आधी एक उणीव सांगणारे, क्रियापद असलेले उपवाक्य, मग 'त्याले', मग त्याला अमुक म्हणू नये असा निकाल. 'त्याले' आले म्हणजे त्याच्या आधी 'जे' हवे. ते कुठेच नाही. यादी पाठ केलेला विद्यार्थी इथे मिश्र वाक्य कशावरून ओळखणार? जोडणारा दर्शनी शब्दच नाही. पण ऐकणाऱ्याला कधी शंका येत नाही, कारण पहिला अर्धा भाग आकांक्षा तयार करतो आणि 'त्याले' ती फेडते.

हा 'जो-तो'चा जोड आपल्या भाषांचा मोठा ठेवा आहे. अहिराणीत 'जो काम करी, तो खाई', 'जठे-तठे', 'जधय-तधय'. जोडाचा पहिला अर्धा भाग बोलीत सहज गळतो, दुसरा क्वचितच. 'पाऊस आला तर पेरू' म्हणताना 'जर' लागत नाही, 'तर' लागतो. फ्रेंचमध्ये सगळे उलटे आहे. तिथे 'सी', म्हणजे जर, सहसा गळत नाही, आणि 'तर' म्हणायला सक्तीचा शब्दच नाही. खानदेशातला मुलगा फ्रेंच वाक्यात शेवटी कुठेतरी 'तर' शोधत राहतो. शिकवणाऱ्याला हे ठाऊक असेल तर निम्मे काम होते.

संबंधी सर्वनामांपाशी हीच गोष्ट आणखी ठळक होते. मराठी विद्यार्थ्याला 'की' आणि 'क' ही दोन फ्रेंच संबंधी सर्वनामे दाखवली की तो लगेच विचारतो, यातले पुल्लिंगी कोणते? त्याचे बरोबरच आहे, कारण त्याच्या 'जो, जी, जे'मध्ये लिंग-वचन आधी येते. फ्रेंच 'की' आणि 'क' लिंग विचारत नाहीत. नाम त्या उपवाक्यात कर्ता आहे की कर्म, एवढेच विचारतात. कर्ता असेल तर 'की', कर्म असेल तर 'क'. त्यावर आणखी एक सवय आड येते. 'जो पाहुणा काल आला तो परत गेला' यात नाम 'जो'च्या उपवाक्यात बसले आहे आणि 'तो' त्याची आठवण करून देतो. फ्रेंचमध्ये नाम आधी येते, त्याला चिकटून 'की' येते, आणि पुन्हा 'तो' म्हणायला बंदी आहे. हा जास्तीचा 'तो' काढून टाकायला बरेच दिवस जातात. 'दों' त्यामानाने सोपे जाते, कारण 'ज्याची केळी विकली गेली तो शेतकरी' यातले 'ज्याची' त्याच्या हाताशी असते. त्याने फक्त 'केळी'शी जुळणारा प्रत्यय विसरायचा.

'काल आलेला पाहुणा', 'मी घेतलेले बियाणे' ही आपली दुसरी वाट. यात उपवाक्यच नाही, सगळे विशेषण. फ्रेंचलाही अशी धातुसाधिते आहेत, पण मराठीइतकी मोकळी नाहीत. 'मी घेतलेले बियाणे'साठी 'क' घालून उपवाक्य करणेच स्वाभाविक. म्हणजे मराठीतले केवल वाक्य फ्रेंचमध्ये जाताना जटिल होते. 'ऊन' आणि 'ईसन'चे याच्या उलट. 'जेवून गेला'साठी फ्रेंच 'आप्रे' आणि त्यापुढे पूर्णतादर्शक क्रियार्थक रूप वापरते, 'हसून म्हणाला'साठी 'आँ' लावून चालू कृती दाखवणारे रूप. दोन्ही वेळा चालवलेले क्रियापद एकच राहते आणि वाक्य साधेच राहते. पण मराठीत एकाच 'ऊन'ने होणारी दोन कामे तिथे तोडून दोन रूपांना द्यावी लागतात. आधीचे की बरोबरचे, हा प्रश्न मराठी बोलणाऱ्याने स्वतःला कधी विचारलेला नसतो.

एका बाबतीत मात्र मराठी विद्यार्थी इंग्रजीतून फ्रेंचकडे जाणाऱ्यापेक्षा सुखी आहे. इच्छा, गरज, आज्ञा यांनंतर फ्रेंचमध्ये क्रियापदाचे वेगळे रूप येते, सुब्जोंक्तिफ. इंग्रजीच्या सवयीने ते अनाकलनीय वाटते. पण 'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे' म्हणणाऱ्याला 'यावे' हे रूप लहानपणापासून माहीत आहे. दोघांची हद्द तंतोतंत एक नाही, तरी गौण उपवाक्यातल्या क्रियापदाने वेगळे रूप का घ्यावे, हे त्याला पटवावे लागत नाही.

सगळ्यांत शेवटपर्यंत चुकते ते दुसऱ्याचे बोलणे सांगताना. 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' मराठीत इथला 'मी' म्हणजे बोलणारा मी नव्हे, 'तो'च. काळही त्याच्या तोंडचा, जसाच्या तसा. व्याकरणाने 'की'मुळे हे मिश्र वाक्य, पण आतले बोलणे अवतरणातले असावे तसे अखंड राहते. बोलीत तर 'की'चीही गरज भासत नाही, 'म्हणून' किंवा 'असं' शेवटी लावले की झाले. फ्रेंच हे अखंडपण मान्य करत नाही. 'क' आला की आतला 'मी' 'तो' होतो, 'येतो'चे 'इल व्ह्यांद्रे' होते, आणि 'उद्या'लासुद्धा बदलून 'ल लांदमँ', म्हणजे दुसऱ्या दिवशी, व्हावे लागते. एका गौण उपवाक्यात तीन ठिकाणी दुरुस्ती. मराठी विद्यार्थ्याने 'मी' तसाच ठेवला तर वाचणारा फ्रेंच माणूस समजतो की उद्या येणार तो हे लिहिणाराच.